दागिन्यांवर ठेवलेला घास



पालखीच्या दिवसांत निमगाव केतकीच्या आमच्या गटाच्या दोन बैठका बुडाल्या. तुकोबांची पालखी गावात मुक्कामाला असते, घरोघरी भाकरीच्या चवडी लागतात, बायकांना मान वर करायला फुरसत नसते. शेवटी श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी आम्ही बसलो. विषय मी ठरवून गेले होते, मुलींचा वारसाहक्क. सोबत तक्ता होता. १९५६ चा कायदा, १९९४ ची महाराष्ट्राची दुरुस्ती, २००५ ची केंद्राची दुरुस्ती, सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२० चा निकाल. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात शिकवलं होतं तसं सगळं सोप्या भाषेत, चित्रांसकट. बाया ऐकत होत्या, पण कीर्तनात अगदी मागे बसलेली माणसं ऐकतात तशा. "समजलं का?" म्हटल्यावर "समजलं की" असं एका सुरात उत्तर आलं, आणि आजची बैठक वाया गेली हे मला कळून चुकलं.

तेवढ्यात एक आजी उठायला लागल्या. घरी जिवतीची पूजा व्हायची होती, शुक्रवारची कहाणी व्हायची होती. कुणीतरी म्हणालं, "मग हितंच सांगा की." दुसरीने हरकत घेतली, "दिवसा गोष्ट सांगू न्हाई, मामा वाट चुकतो." त्यावर भिंतीला टेकून बसलेली, एरवी तोंड न उघडणारी एक जण पटकन म्हणाली, "मामा कवाच चुकलाय वाट."

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. राखीनंतर तिला भावांनी तालुक्याला बोलावलं होतं, हक्कसोडपत्रावर सही करायला. हे मला बैठक संपल्यावर कळलं.

आजींनी कहाणी सांगितली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक गरीब बहीण, एक श्रीमंत भाऊ. भाऊ सहस्रभोजन घालतो, साऱ्या गावाला बोलावतो, बहिणीला आमंत्रण नाही. ती मनाशी म्हणते, सख्खा भाऊ आहे, विसरला असेल. पोरांना घेऊन जाते, पंगतीत बसते. भाऊ तूप वाढत येतो, तिला बघतो आणि म्हणतो की तुझ्या अंगावर ना धड लुगडं ना दागिना, लोक हसतात, उद्या येऊ नकोस. पोरांच्या पोटासाठी ती दुसऱ्या दिवशीही जाते. तिसऱ्या दिवशी तो हाताला धरून तिला पंगतीतून उठवतो. पुढे ती शुक्रवारचं व्रत करते, तिचं दैन्य फिटतं. आता भाऊ मानाने जेवायला बोलावतो. ती शालजोडी, दागिने घालून जाते, एकेक दागिना काढून पाटावर मांडते आणि जेवायच्या आधी एकेका दागिन्यावर एकेक घास ठेवते. भाऊ विचारतो, हे काय करतेस? ती म्हणते, ज्यांना तू जेवायला बोलावलंस त्यांना जेवू घालते. भावाची मान खाली जाते.

मी शाळेत असताना मुल्ला नसरुद्दीनची एक गोष्ट ऐकली होती. फाटक्या कपड्यांत मेजवानीला गेलेल्या मुल्लाला कुणी विचारत नाही. तो घरी जाऊन भारी अंगरखा घालून येतो, तर त्याला मानाच्या जागी बसवतात, आणि तो अंगरख्याच्या बाहीला कालवण भरवायला लागतो. गोष्ट तीच. तिकडे सिसिली बेटावर जुफा नावाच्या भोळसट पोराच्या नावावर हीच सांगतात. तुर्कस्तान, इराण, इटली आणि आपली श्रावणातली कहाणी, एवढ्या लांबच्या माणसांना एकच गोष्ट कशी सुचली, असा प्रश्न मी बायकांपुढे टाकला. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "भूक सगळीकडं सारखीच आसंल की वं ताई," आजी म्हणाल्या.

अभ्यासकांनी या प्रश्नावर आयुष्यं घालवली आहेत. फिनलंडच्या आर्नेने १९१० मध्ये लोककथांना क्रमांक देऊन त्यांची यादी केली. पुढे अमेरिकेच्या थॉम्पसनने ती वाढवली, आणि आज जगभरच्या हजारो गोष्टी त्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. रशियातल्या व्लादिमीर प्रॉपने १९२८ मध्ये वेगळीच गंमत दाखवून दिली. परीकथांमध्ये पात्रं बदलतात, कामं बदलत नाहीत. राजपुत्र असो की शेतकऱ्याचा पोर, तो घर सोडतो, त्याची परीक्षा होते, कुणीतरी त्याला जादूची वस्तू देतं, तो दुष्टाशी लढतो, परत येतो, खोटा वीर उघडा पडतो, आणि शेवटी लग्न व राज्य. अशी एकतीस कामं त्याने मोजली, आणि ती करणाऱ्या भूमिका फक्त सात. त्या सातांत राजकन्येला स्वतंत्र जागासुद्धा पुरती नाही, ती आणि तिचा बाप मिळून एक भूमिका! विद्यार्थिनी असताना हे वाचून मी चिडले होते. आता वाटतं, प्रॉपने ते खोटं लिहिलं नव्हतं. ज्या गोष्टी त्याने तपासल्या त्यांत बाई हे बक्षीस होतं, आणि बक्षीस देणाराही गोष्टीत लागतोच.

पण बायका आपसांत ज्या गोष्टी सांगतात त्यांचा साचा हा नाही. हे नीट मांडलं ते ए. के. रामानुजन यांनी. त्यांनी कन्नड बायकांच्या तोंडच्या गोष्टी वर्षानुवर्षं गोळा केल्या. त्यांचं निरीक्षण असं की पुरुषाच्या गोष्टीत लग्न शेवटी येतं, बाईच्या गोष्टीत ते सुरुवातीलाच उरकलेलं असतं. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. नायक घर सोडतो ते पराक्रमासाठी, बाई घर सोडते ते सासरी जाण्यासाठी. मग सवत, सासू, जाऊ, नणंद. तिचा छळ होतो, तिला मुकं केलं जातं, कधी तिचं झाड होतं, कधी पाखरू. आणि सुटका होते ती तलवारीने नव्हे. काय घडलं ते ती स्वतःच्या तोंडाने सांगते, कुणीतरी ते ऐकतं, तेव्हा गोष्ट सुटते.

आता आपल्या कहाण्या या नजरेने बघा. आटपाट नगरात राजाला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. लग्न झालेलंच आहे. नावडती गोठ्यात राहते, उष्टंखरकटं खाते. प्रश्न एवढाच की तिला माणूस म्हणून कधी मोजतील. शुक्रवारच्या कहाणीतही बहिणीचं लग्न झालंय, पोरं आहेत. तिचा नवरा गोष्टीत कुठे असतो हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. त्याची गरजच नसते. गोष्ट बहिणीची आणि भावाची आहे, म्हणजेच माहेराची. मुल्लाच्या गोष्टीत यजमान परका आहे, गंमत करून मुल्ला घरी निघून जातो. आमच्या बाईला मात्र ज्या घरात जन्म घेतला त्याच घराच्या पंगतीतून हाताला धरून उठवलं आहे. साचा एकच असला तरी ही गोष्ट हसण्यावारी जात नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. कहाण्यांच्या पोथीतली ती गरीब बाई जवळपास नेहमीच ब्राह्मणाची असते. आमच्या गटातल्या एका बौद्ध मैत्रिणीने ते लगेच बोलून दाखवलं. "आमच्या घरात ही पोथी नव्हती, ताई. आमची आई भोपळ्याची सांगायची." भोपळ्याची म्हणजे लेकीकडे निघालेल्या म्हातारीची. मग काय, ती गोष्ट सगळ्याच जणींना येत होती, आणि वाटेतल्या वाघाने काय म्हटलं, कोल्ह्याने काय म्हटलं, यावरून चांगला अर्धा तास वाद झाला.

या म्हातारीनेही जग पाहिलं आहे. इराणमध्ये ती भोपळ्यात बसून गडगडत जाते, वाटेत लांडगा, बिबट्या, सिंह. बंगालीत ती नातीकडे जाते आणि परतताना दुध्या भोपळ्यात बसते. पोर्तुगालातही तिला लांडगा गाठतो आणि ती भोपळ्यालाच पळ म्हणून सांगते. प्रॉपच्या भाषेत बोलायचं तर नायिकेला जादूची वस्तू देणारं जे पात्र असतं ते इथे कोण आहे? लेक! ना ऋषी, ना परी. सासरी नांदणारी लेक आईला खाऊपिऊ घालून जाडजूड करते आणि तिच्या सुटकेची युक्तीही तीच करते. आमच्याकडे अजूनही कित्येक घरांत लेकीच्या घरचं खाऊ नये म्हणतात. "आन् ही म्हातारी तर खायलाच चाललेली," एक जण म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

याच्या अगदी उलट प्रवास आपल्या मुली इंग्रजी पुस्तकांत वाचतात. लाल टोपीवाली मुलगी आजीकडे निघते, वाटेत लांडगा. फ्रान्सच्या पेरोने १६९७ मध्ये ती छापली तेव्हा लांडग्याने मुलीला खाल्लं आणि पेरोने खाली तात्पर्य लिहिलं, मुलींनी परक्या पुरुषांशी बोलू नये. जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये तिला वाचवलं, पण वाचवायला पुरुष आणावा लागला. फ्रान्सच्याच खेड्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांच्या तोंडून ही गोष्ट लिहून घेतली गेली, त्यात मात्र मुलगी स्वतःच्याच हुशारीने निसटते. काही ठिकाणी नदीवर धुणं धुणाऱ्या बायका तिला कापड टाकून पार करतात. तोंडी गोष्टीत असलेली अक्कल छापताना कुठे गेली?

आपल्याकडेही तेच झालं. दख्खनच्या गोष्टींचा पहिला मोठा इंग्रजी संग्रह १८६८ मध्ये निघाला. त्यावर नाव मेरी फ्रियर हिचं, मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं. गोष्टी सांगितल्या होत्या तिच्या आयाने, ॲना लिबेराता डिसूझा हिने, आणि तिला त्या तिच्या आजीने सांगितल्या होत्या. एवढं मात्र खरं, की ॲनाच्या कष्टाच्या आयुष्याची हकिकतही मेरीने पुस्तकाच्या सुरुवातीला घेतली. त्यात हरवलेल्या पादत्राणावरून राजपुत्र शोधत येतो अशी सोदेवाबाईची गोष्ट आहे, म्हणजे आपली सिंड्रेलाच. पण पेरोची सिंड्रेला लग्नाला संपते, ॲनाच्या गोष्टीत लग्नानंतर सवत येते आणि सोदेवाबाईचा जीवच ज्यात आहे तो गळ्यातला हार चोरून नेते. पुढे १९१४ मध्ये किंकेड नावाच्या साहेबाने श्रावणातल्या आपल्या कहाण्या इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाचं नाव ठेवलं, डेक्कन नर्सरी टेल्स. मोठ्या बायकांनी उपास धरून, हातात अक्षता घेऊन सांगायच्या गोष्टी पाळण्याशेजारी नेऊन ठेवल्या! बायकांचं शहाणपण 'पोराबाळांच्या गोष्टी' ठरवलं की ते मनावर घेण्याची जबाबदारी संपते.

पण साहेबाला दोष देऊन आपली सुटका नाही. आपणही कहाणी वाचतो आणि अक्षता वाहून पोथी मिटतो.

म्हणून त्या दिवशी मी तक्ता गुंडाळून ठेवला आणि एकच प्रश्न विचारला. प्रॉप म्हणतो की प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी आगळिकीने किंवा उणिवेने सुरू होते, आणि ती उणीव भरून निघाली की संपते. मग शुक्रवारच्या कहाणीत उणीव कशाची होती?

पहिली उत्तरं अपेक्षित होती. पैशाची. दागिन्यांची. मग एक जण म्हणाली, मानाची. दुसरी म्हणाली, "पोरांच्या जेवणाची." बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग भिंतीशी बसलेल्या त्याच बाईने विचारलं, "भावानं हजार माणूस जेवू घातलं, ते धान्य कुठनं आणलं?"

"शेतातनं."

"शेत कुणाचं?"

"बापाचं."

पुढचं कुणी बोललं नाही, आणि बोलायची गरजही नव्हती. या पट्ट्यातल्या बायकांना शेताची किंमत समजावून सांगावी लागत नाही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, ऊस, डाळिंब, हमरस्त्यालगत गुंठ्यागुंठ्याने विकली जाणारी जमीन. कहाणीतली बहीण देवीकडून सगळं मागून घेते, बापाच्या मिळकतीतलं मात्र काही मागत नाही. तिचं दैन्य व्रताने फिटतं, वाटणीने नाही. भावाला लाज वाटते, पण सातबारा होता तसाच राहतो. इतक्या धीट बाईलासुद्धा हे बोलता येऊ नये? बहुधा ज्यांनी ही गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली त्यांना बोलण्याची हद्द ठाऊक होती. दागिन्यावर घास ठेवणं हे त्या हद्दीवर उभं राहून केलेलं काम आहे. जात्यावरच्या ओव्यांत हीच बाई भावाचं तोंड भरून कौतुक करते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी शेकडो गावांतून जमवायला सुरुवात केलेल्या लाखाहून अधिक ओव्या आज उपलब्ध आहेत, त्यांत भाऊ आणि माहेर पदोपदी भेटतात. ओवीतला भाऊ आणि कहाणीतला भाऊ एकाच बाईचे आहेत. ती दोन्हीकडे खरं बोलते आहे.

मग तक्ता पुन्हा उघडला, आणि या वेळी प्रश्नांना उत्तरं देता देता मला दम लागला. तुमच्या गटात उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात लिहिते. १९९४ च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः वाटा दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या लेकींना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाचा हा भेद काढला. त्या दिवशी वडील हयात नव्हते म्हणून हक्क नाही, असं पुष्कळ वर्षं सांगितलं जायचं. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने तेही संपलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र या कायद्याने उलटत नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना लागू आहे, आपल्या मुस्लिम मैत्रिणींचा हक्क त्यांच्या वेगळ्या कायद्याने ठरतो. आणि सर्वांत महत्त्वाचं: हक्कसोडपत्राची नोंदणी एकदा झाली की फसवणूक किंवा जबरदस्ती न्यायालयात सिद्ध केल्याशिवाय ते रद्द होत नाही. सही करण्याआधी "कागद घरी नेऊन वाचून येते" म्हणण्याचा अधिकार प्रत्येकीला आहे.

हे मी बायकांना सांगत होते, आणि सांगताना माझाच आवाज मला खोटा वाटत होता. कारण मी स्वतः सही केलेली आहे. वडील गेले त्या वर्षी. पदवी घेतलेली, या कामात पाच वर्षं काढलेली मी, कागद न वाचता सही करून आले. भावाने दमदाटी केली नाही, उलट गाडीने नेलं, आणलं, वाटेत उसाचा रस पाजला. कागद वाचायला मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं मला वाटलं. त्या राखीला मला आजवरची सगळ्यात भारी साडी मिळाली. ती मी नेसते. चांगली साडी आहे. गटात हे मी आजवर सांगितलं नव्हतं, त्या दिवशी सांगितलं. आजी एवढंच म्हणाल्या, "मग तुमी बी घास ठिवा साडीवर."

ती भिंतीशी बसलेली मैत्रीण राखीला माहेरी जाऊन आली. भावांना तिने सांगितलं की कागद आधी वाचून घेते, मग सहीचं बघू. भांडण झालं नाही. धाकट्याने राखी बांधून घेतली, थोरला शेतातून आलाच नाही. जेवणाची वेळ होती, घरात पुरणाचा वास सुटला होता. "जेवून जा" असं कुणी म्हटलं नाही. ती उन्हातच परतली आणि थेट माझ्याकडे आली. आम्ही दोघींनी पिठलं-भात केला. जेवताना ती म्हणाली, "म्या चुकले का वं ताई?" मी तिला काहीही शिकवलं नाही. आजींची कहाणी पुन्हा सांगायला तिनेच मला लावलं, आणि मधेच थांबवून विचारलं की तिसऱ्या दिवशी हाताला धरून उठवल्यावर ती बाई घरी गेली, त्या रात्री पोरांना काय खायला घातलं असेल. पोथीत ते नाही.

तालुक्याची तारीख पुढे गेली आहे, नवी अजून ठरलेली नाही. इंदापूरला कागद वाचून घ्यायला आम्ही चार जणी तिच्याबरोबर जाणार आहोत, आणि माझा जुना कागदही मी बरोबर नेणार आहे.

पुढच्या अंकात काही पानं गोष्टींसाठी ठेवली आहेत. आई, आजी, आत्या, शेजारीण, जिच्याकडून ऐकली असेल तिच्याच बोलीत लिहून पाठवा. भाषा शुद्ध करू नका, तात्पर्य लावू नका. आणि गटात गोष्ट सांगितल्यावर बायका कुठे हसल्या, कुठे गप्प झाल्या, कुणी मधेच काय विचारलं, तेही कागदाच्या कडेला लिहा. आजी गोष्ट मधेच विसरली असेल तर तिथे विसरली, एवढंच लिहा.